ये गो शांती

भाविकाच्या हळदीच्या दिवशी मांडवात पहिलं भांडण झालं ते गाण्यावरून. जेवणावरून आणि मानपानावरून भांडायला माणसं तयारच बसली होती, पण त्यांना अजून पाळी मिळाली नव्हती. मुलीचा बाप रघू उंबराची फांदी कुठल्या कोपऱ्यात रोवायची यावर सुताराशी हुज्जत घालत होता. त्याचा मुलगा साहिल दोन माणसांच्या उंचीचे स्पीकर लावून मांडवाच्या मधोमध खुर्ची टाकून बसला होता, जणू लग्न त्याचंच होतं.

"मना फक्त एक गाणं सांगा," तो ओरडून सांगत होता. "एकच. जे लागलं की म्हातारीपास्नं बारक्या पोरापर्यंत सगळे उठले पायजेत. बाकीचे तीन तास मी काय वाजवायचं ते वाजवीन."

लसूण सोलत बसलेल्या बायकांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण सकाळच्या गाडीने रोह्याहून आलेली मनाली, म्हणजे रघूच्या बहिणीची, नम्रताची मुलगी, तिला अशी संधी हवीच होती. मामाच्या गावाला आलं की साहिलला हरवायचं, हे तिचं पाचवीपासूनचं व्रत.

"परीक्षा घे ना मग," ती म्हणाली. "पाच सेकंद लाव. ज्याला ओळखता येईल त्यानं हात वर करायचा. रोहा विरुद्ध पेण."

परीक्षा सुरू झाली. साहिलने यंदाच्या सीझनचं सगळ्यात गाजलेलं गाणं लावलं. पोरं उड्या मारायला लागली, आणि लसणाच्या गोतावळ्यातून आवाज आला, "आगरातला पंप चालू झाला काय रे?" मग मनालीने मोबाइलवरून एक जुनं हिंदी गाणं लावलं, तिच्या मामाच्या कॉलेजच्या दिवसांतलं. रघू सुताराला तसाच सोडून चुटक्या वाजवत आला, त्याच्याबरोबर टक्कल पडलेले त्याचे दोन मित्रही आले, आणि पोरं त्यांच्याकडे घाबरून बघत राहिली. तिसरं एक मराठी प्रेमगीत होतं. त्यावर पंचविशी ते चाळिशीतल्या सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. त्याच्या वरच्या आणि खालच्या कोणालाही ते ठाऊक नव्हतं.

"बघ," साहिल म्हणाला, "नाय असं गाणं. आजकाल प्रत्येकाचं वेगळं. कानात बुचं घालून बसतात सगळे."

"हाय एक," मनाली म्हणाली आणि तिने चौथं लावलं.

कॅसिओचे दोन ठोके पडले. बँजोची एक तार झणझणली. आणि एक पातळ, किंचित सर्दीतला, सोळा वर्षांच्या मुलीचा आवाज आला:

*ये गो शांती, ये गो बाय,*
*हळदीची वाटी घेऊन ये...*

पाच सेकंदही लागले नाहीत. लसूणवाल्या बायका, टक्कलवाले मित्र, अंगणवाडीतली पोरं, शिडीवर चढून तोरण बांधणारा वायरमन, सगळ्यांनी एका दमात "ये गो शांती" उचललं. सुताराने हातोडीने ठेका धरला. मनालीने दोन्ही हात वर करून विजयाची आरोळी ठोकली.

"बंद कर!" रघू ओरडला.

गाणं थांबलं. हातोडीने मात्र आणखी दोन ठोके मारून घेतले.

"आज हे गाणं वाजणार नाय. किती वेळा सांगितलं?"

नम्रता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तो पातळ आवाज तिचा होता. सत्तावीस वर्षं झाली, तरी तो अचानक कानावर पडला की तिचा हात आपोआप पदराकडे जाई, कोणीतरी आपल्याला न विचारता आत शिरावं तसं. रोह्याच्या बाजारात, पेणच्या स्टँडवर, नवऱ्याच्या कंपनीच्या वर्धापनदिनाला, कुठेही. शेजारणी म्हणायच्या, तुमचं गाणं लागलंय हो. ती हसून दुसरा विषय काढायची.

त्या गाण्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती, निदान सगळ्यांना तसं वाटत होतं. गाणं मुळात गाणं नव्हतंच. तो धवला होता. खाडीकाठच्या खारेपाटात लग्न लागायचं ते धवले म्हणणाऱ्या धवलारणीच्या तोंडून. ती आधी देवांना बोलवायची, मग घरातल्या गेलेल्यांना, मग हयात असलेल्यांना, एकेकाचं नाव घेऊन. खाडीच्या अल्याड तेव्हा हौसासारखी धवलारीण नव्हती. हौसा ही नम्रताच्या वडिलांची, बाबाजींची, थोरली बहीण. तिच्या मांडीशी बसून नम्रता दहाव्या वर्षापासून धवले शिकली. आत्या एक ओळ म्हणायची, भाची ती मागून धरायची. धवला नेहमी दोघींचा असतो.

मग अठ्ठ्याण्णव साली काळुराम बँजोवाल्याला कॅसेट काढायची हुक्की आली. पेणला एका गणपतीच्या कारखान्यात, मूर्ती रवाना झाल्यावर रिकाम्या पडलेल्या कोठारात, पेंढ्याच्या भिंती रचून त्याने रेकॉर्डिंग केलं, कारण पेंढ्यात आवाज घुमत नाही. बाबाजी लेकीला सायकलवर डबलसीट घेऊन गेले. काळुराम म्हणाला, काहीतरी हळदीचं गा. नम्रताने आत्याचा हळदीचा धवला गायला, शेवटच्या नावासकट. काळुरामने ठेका दुप्पट केला, तेच शेवटचं नाव उचलून धृपद केलं, आणि पुढच्या लगीनसराईत धरमतरपासून महाडपर्यंत एकही टेम्पो असा धावला नाही ज्यात शांतीला बोलावणं नव्हतं. कॅसेटी गेल्या, सीड्या आल्या. सीड्या गेल्या, मोबाइलची रिंगटोन आली. मग रीमिक्स, मग रील. शांती मात्र जिथल्या तिथे राहिली, वाटी घेऊन.

आणि हौसाआत्याने गाणं सोडलं. कोणाशी भांडली नाही, अबोला धरला नाही. लग्नाला यायची, पंगतीत बसायची, आहेर करायची. धवला म्हण म्हटलं की फक्त मान हलवायची. रघूच्या लग्नात नाही म्हटला, नम्रताच्या लग्नातही नाही. नम्रता हळदीच्या पाटावर बसली तेव्हा शेजारच्या गावातून आणलेली कोणी परकी बाई तिच्या घरची नावं चिठ्ठीवरून वाचत होती, आणि आत्या चार हातांवर भिंतीला टेकून ऐकत होती. देवाचं गाणं बाजारात नेलं म्हणून हौसा रागावली, असं घरात ठरून गेलं. नम्रताने त्यानंतर तोंड उघडलं ते फक्त बोलायला.

आता भाविकाने हट्ट धरला होता. शहाणी, बीएस्सी झालेली मुलगी. पण तीन दिवसांपासून एकच घोकत होती, हौसाआजीने धवला म्हटल्याशिवाय मी पाटावर बसणार नाय.

"म्हणूनच बोलतोय," रघू मांडवभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "आज ते गाणं वाजलं नाय, तर म्हातारी कदाचित ऐकंल."

"पप्पा, त्या गाण्याशिवाय हळद?" साहिल म्हणाला. "पोरं मांडव सोडून जातील."

"आणि मामा, ते आईचं गाणं हाय," मनाली म्हणाली. पाच मिनिटांपूर्वी एकमेकांचे गळे धरणारी ही दोघं आता एका खुर्चीच्या दोन बाजूंना छातीवर हात बांधून उभी होती.

सगळ्यांनी नम्रताकडे पाहिलं.

"नाय वाजणार," नम्रता म्हणाली. "माझंच हाय ना? मग मीच सांगते, नाय वाजवायचं. आत्याला तसं सांगून येते."

"तू नको गो जाऊ," रघू खालच्या आवाजात म्हणाला. "तुला बघून तिला परत सगळं आठवंल."

"तिला काय विसरायला झालंय, दादा?"

हौसाआत्याचं घर तीन घरं सोडून, बांधाच्या बाजूला होतं. ती ओटीवर पाय पसरून बसली होती आणि पुढ्यात भिजवलेल्या वालांचं भलंमोठं पातेलं होतं. ऐंशीच्या घरातली बाई, पण वाल सोलायच्या कामात तिचा हात कोणी धरत नव्हतं. अंगठा दाबला की डाळिंबी बाहेर आणि साल मागे.

"आलीस?" ती म्हणाली. "वाल बरे आणलेस या वेळंला. कुठचे?"

"घरचेच. रोह्याच्या शेतातले."

"बस. हात चालव."

नम्रता बसली. आत्यापुढे बसलं की वय गळून पडायचं. बराच वेळ दोघी नुसत्या वाल सोलत राहिल्या. बांधापलीकडून भरतीचं पाणी चढत होतं आणि खाडीतला एक बार्ज भोंगा देत जेट्टीकडे चालला होता. नम्रताला वाटलं, असंच बसून राहावं, काही बोलूच नये. बोललं की मोडतं, असा तिचा या घरातला अनुभव होता.

"आत्या, भाविकानं काय धरलंय, ठाऊक हाय ना?"

"व्हय. येऊन गेली सकाली. रडली पण."

"मी एक सांगायला आले. आज ते गाणं वाजणार नाय. दादानं बंद केलंय, मी पण कबूल केलंय. एकदा पण नाय वाजणार. तुझ्या कानावर पडणार नाय."

आत्याचा अंगठा थांबला.

"कोन बोलला बंद करा?"

"आम्हीच. तुला त्रास होतो म्हणून."

"कोनी सांगितला मना तरास होतो?" हौसाचा आवाज चढला. सत्तावीस वर्षांत नम्रताने तो इतका चढलेला ऐकला नव्हता. "मी सांगितला? कवा? तुमचे बापानं ठरवला, तुम्ही ठरवला. वाजवायचा नाय म्हणे! आन मग तिला बोलवील कोन?"

"कोणाला?"

"शांतीला!"

नम्रताला काही कळलं नाही. तिने हातातली डाळिंबी पातेल्यात टाकली आणि आत्याच्या तोंडाकडे पाहिलं. म्हातारपणी माणसं गाण्यातलं आणि घरातलं एक करतात, असं काहीसं तिच्या मनात येऊन गेलं, आणि त्याची तिला लगेच लाज वाटली.

"आत्या, ती तर धवल्यातली..."

"धवल्यात शांती नाय." हौसा आता शांतपणे म्हणाली. "कुठलेच धवल्यात नाय. माझे आयशीचे नाय, आजीचे नाय. ती मी घातली. माझी पोर होती ती."

बार्जने पुन्हा भोंगा दिला. आत्याने हात पदराला पुसले.

"नऊ वर्सांची होती. तुमचे जल्माआदी. ताप आला. पेनला न्यायची तर तवा रस्ता नव्हता, होडी होती. आन होडीला पानी नव्हता. सुकती लागलेली. सहा तास होडी चिखलात आन पोर माझे मांडीवर. भरती आली तवा..." तिने पुढचं वाक्य हातानेच पुरं केलं.

नम्रताच्या आईने एकदा, नम्रता लहान असताना, एवढंच म्हटलं होतं: आत्याला मूल टिकलं नाही. नम्रताने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता. नऊ वर्षांची, पाटी-दप्तरवाली, नाव असलेली मुलगी त्या चार शब्दांत मावेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

"घरात नाव काढू नका बोलले सगले. मी रडते म्हनून. चांगलेच मनानं बोलले. मग नाव घेयाचा कुठं? धवल्यात गेलेल्यांना बोलवतात ना? मी बोलवला. शेवटाला. बारकी हाय म्हनून शेवटाला. हलदीची वाटी दिली हातात, तिला लय हौस होती मिरवायची. कोनाला कललाच नाय. प्रत्येक लग्नात मी एकदा तिला मोठ्यानं हाक मारून घेयाची."

"आणि मी ते गाण्यात..."

"तुला काय ठाव!"

"मला वाटलं ते धवल्यातलंच हाय. मी कधी विचारलंच नाय." नम्रता म्हणाली. "आणि मग टेम्पोतून, मिरवणुकीतून... आत्या, तू ऐकत होतीस?"

"पयलं वरीस लय वाईट गेला," हौसा म्हणाली. "दारू पिऊन पोरं नाचायची, शिट्ट्या मारायची. माझी नऊ वर्सांची पोर आन तिचे नावावर शिट्ट्या. कान झाकून बसायची मी हिते. धवला तोंडातच येईना. तो नाव आला की शिट्टीच ऐकू यायची."

"मला का नाय सांगितलंस?"

"तू सोला वर्सांची. बाबाजी तुला घेऊन गावभर मिरवतोय, माझी लेक, माझी लेक. सांगितला असता तर तू परत तोंड उघडला असतास?"

नम्रता हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. आत्याने सांगितलं नाही, कारण भाचीचं गाणं थांबेल. आणि भाचीचं गाणं थांबलं, कारण आत्याने काहीच सांगितलं नाही. दोन घरांच्या मध्ये तीन घरं, आणि सत्तावीस वर्षं.

"पण मग आता?" तिने विचारलं. "आता वाजवा का बोलतेस?"

हौसाने पुन्हा वाल हातात घेतला. "कवा बदलला ते मना पन नाय ठाव. एकदा पेनला गेल्ते, डोले दाखवायला. शालेच्या पोरी रांगंनं चाललेल्या, आठ-नऊ वर्सांच्या, आन टाल्या पिटून तोच गानं. मी दवाखान्यात गेलेच नाय. उभी राहिले बघत. मग मना सवयच लागली. लगीनसराई आली का मी सांजंला हिते येऊन बसते. खाडीचे पल्याडनं येतो, गावातनं येतो. कधी चार वेला, कधी सहा वेला. माझी सगली मान्सं गेली गो. ज्यांनी तिला बघितली ती कोनच राहिली नाय. पन हाक तर मारतात ना कोनतरी तिला. आन तुम्ही आज माझेच घरात बंद करता!"

नम्रताने पातेलं बाजूला सारलं आणि आत्याचे ओले, वालांचा वास येणारे हात धरले. तिला खूप बोलायचं होतं, माफी मागायची होती.

"वाजवू," ती शेवटी म्हणाली. "मी स्वतः लावते. पण तू धवला म्हण. भाविकासाठी."

हौसाने मान हलवली, तीच जुनी मान. "गला राहिला नाय. आन शब्द आठवतील, पन त्या नावापाशी आले का मना पुढं जाता येनार नाय. मांडवात एवढी मान्सं. पोरीचे हलदीत अपशकुन नको."

"तिथं मी घेईन. मागं बसते ना मी. धवला दोघींचाच असतो, तूच शिकवलंस."

"बघू," हौसा म्हणाली. "येईन. म्हनंन का नाय ते बघू."

नम्रता मांडवात परतली तेव्हा रघूने नुसती भुवई उंचावून विचारलं. तिने त्याला स्वयंपाकघरामागे ओढून नेलं आणि सगळं सांगितलं. रघू, जो वायरमनपासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांवर दिवसभर ओरडत होता, पाण्याच्या पिंपाला टेकून उभा राहिला. "मी पन नाचलोय त्याच्यावर," एवढंच तो म्हणाला. "तिचे दारात." मग जाऊन त्याने साहिलला सांगितलं की गाणं वाजेल, आणि का ते विचारू नकोस.

"रोहा जिंकला," मनाली म्हणाली.

दिवेलागणीला हळद सुरू व्हायची वेळ झाली. नवऱ्यामुलाकडची बायकामाणसं गडबहून टेम्पोने आली. नवऱ्यामुलाला, आदर्शला लावलेल्या हळदीतली उरलेली हळद वाटीत झाकून आणली होती. ही भातशेतीवाली मंडळी, खाडीपासून आतली. मांडवात शिरल्यावर त्यांच्या बायका एका बाजूला, या घरच्या बायका दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये पाट रिकामा. दोन्हीकडच्या बायका एकमेकींच्या साड्या मोजत होत्या आणि गोड हसत होत्या.

भाविका पाटाशेजारी उभी होती. "आजी?" तिने विचारलं.

हौसाआत्या आली. तिने ठेवणीतलं हिरवट लुगडं नेसलं होतं. कोणाकडे न बघता ती पाटाजवळ जाऊन बसली, आणि तिने भाविकाचा हात धरून तिला खाली ओढलं. "बस गो."

भाविका बसली. नम्रता आत्याच्या मागे, उजव्या खांद्याशी बसली, दहा वर्षांची असताना बसायची तशी. साहिलने बँजोवाल्यांना हात करून गप्प केलं. मांडवात पंख्यांची घरघर तेवढी राहिली.

हौसाने डोळे मिटले. तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

तिने पुन्हा ओठ हलवले. काही नाही. मागून कोणीतरी खोकलं. गडबच्या दोन बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. नम्रताला आत्याची पाठ दिसत होती, पोलक्यातून खालीवर होणारी, आणि तिला कळलं की ही बाई पहिल्या ओळीलाच शेवटच्या नावापाशी जाऊन उभी राहिली आहे. आपण धरावा का? पण पहिली ओळ मागच्या बाईने धरायची नसते. रघूने साहिलला डोळ्याने खुणावलं, आता गाणं लाव आणि सोडव. नम्रताने घाईने हात वर करून त्याला थांबवलं. का थांबवलं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

ती अवघडलेली शांतता मोडली नवऱ्यामुलाच्या आजीने. जनीबाय नाव तिचं. जाडजूड, गुडघे धरलेली, पण कुठेही हात रिकामा न ठेवणारी बाई. तिला वाटलं, हे लोक आपल्यासाठीच खोळंबले आहेत.

"हो हो, चुकलाच बघा माझा," असं म्हणत ती पुढे सरकली. कनवटीचं नागवेलीचं पान काढून तिने पाटाशेजारी ठेवलं. वाटीवरचं फडकं काढलं, बोटांनी हळदीचा एक घसघशीत गोळा उचलला आणि तो त्या पानावर ठेवला. "हां. आता चालू द्या."

"ही कोणाची हो?" नम्रताने विचारलं.

"शांतीची."

पाठीमागून पाहतानाही नम्रताला आत्याचे खांदे ताठ झालेले दिसले.

"तुमच्याकडं काढत नाय?" जनीबायला नवल वाटलं. "आमच्याकडं आधी शांतीची काढतात, मग नवरीला लावतात. माझ्या धाकट्या दोन सुनांच्या हळदीत काढली. नातीच्या पण. आता आमच्या अख्ख्या वाडीत काढतात."

"कधीपासून?" रघूने विचारलं.

"झाली असतील पंचवीस-सव्वीस वर्सं. ते गाणं आलं ना, तेव्हापास्नं. माझी धाकटी जाव बोलली, प्रत्येक लग्नात त्या पोरीला बोलवायचं, वाटी घेऊन ये, वाटी घेऊन ये, आणि आली की रिकाम्या हातानं पाठवायची, बरं दिसतं का ते? तेव्हापास्नं काढतो. सकाळी तुळशीत घालतो. पोचत असंल तिला." तिने हौसाकडे पाहिलं. तिथे काहीतरी दिसून ती चाचरली. "काय चुकला का आमचा? आमची आपली समजूत, तुमच्या खाडीकडची कोण देवी असंल म्हणून..."

साहिलने मनालीकडे बघून 'काय झालं' असं विचारलं, पण मनाली आपल्या आईकडे बघत होती. नम्रता रडत होती, आणि ते लपवायचं तिला सुचलं नव्हतं. हळद न लागताच गेलेली ती मुलगी इतकी वर्षं गडबच्या मांडवामांडवातून हळद घेऊन जात होती, आणि तिच्या आईला त्याचा पत्ता नव्हता.

हौसाने हात पुढे केला आणि पानावरच्या हळदीला एक बोट टेकवलं.

"लय काढलीस गो," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्या मांडवाला ऐकू गेला. "येवढी नाय लागनार तिला. नऊच वर्सांची हाय."

"कोण?" जनीबायने विचारलं.

"शांती. माझी लेक."

जनीबाय क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पानावरची अर्धी हळद उचलून परत वाटीत घातली, आणि हौसाआत्याने धवला धरला.